वीरमरण
वीरमरण : रणांगणावर शत्रूला पाठ न दाखविता लढत असताना योद्ध्याला आलेला मृत्यू. असा मृत्यू श्लाघ्य मानणारी विचारसरणी, तिच्याशी निगडित असलेले विधी आणि स्मारके यांचाही समावेश या संकल्पनेत होतो. जगातील बहुतेक प्राचीन समाजांत ती कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते. दख्खनमध्ये तिचा सर्वांत विपुल पुरावा ग्रंथांपेक्षा दगडांत, म्हणजे गावोगावी उभ्या असलेल्या वीरगळांत मिळतो. ग्रंथांतील उपदेश आणि हे दगड एकत्र वाचले असता असे दिसते, की योद्धा मृत्यूला भीत नाही असे या परंपरेने गृहीत धरलेले नाही. भय स्वाभाविक मानून समाजाने योद्ध्याला तीन आश्वासने दिली : परलोकी उच्च स्थान, इहलोकी स्मृती आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा निर्वाह. यांपैकी पहिल्याची प्रचीती कोणालाच येणे शक्य नव्हते. उरलेली दोन पाळण्याची जबाबदारी मात्र जिवंत राहिलेल्यांवर होती.

तात्त्विक आधार : महाभारताच्या शांतिपर्वात अंबरीष राजाची कथा आहे. स्वर्गात गेल्यावर आपला सेनापती सुदेव आपल्याहूनही वरच्या पदाला पोहोचल्याचे त्याला दिसते. त्याने कारण विचारता इंद्र सांगतो, की सुदेवाने रणयज्ञ केला. पुढे या यज्ञाचे रूपक सविस्तर येते. त्यात रणांगण हीच वेदी असून योद्ध्याचे रक्त व देह हीच आहुती ठरते. राजाला जे पुण्य असंख्य यज्ञ व दाने करून मिळते, ते सैनिकाला एका दिवसात मिळू शकते, हा या कथेचा आशय आहे. ज्याला मोठे यज्ञ करण्याचे सामर्थ्य अथवा अधिकार नाही, त्यालाही तिने सद्गतीचा मार्ग खुला केला. हा विचार सामान्य पाइकापर्यंत पोहोचला, याचे एक कारण येथे सापडते. पराशरस्मृतीत योगयुक्त संन्यासी आणि समोरासमोर लढताना पडलेला वीर या दोघांना एकाच पंक्तीत बसविले आहे. सूर्यमंडळ भेदून पलीकडे जाण्याचा अधिकार या दोघांचाच, असे ती म्हणते. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर एक संस्कृत श्लोक कोरलेला आढळतो. विजय मिळाल्यास लक्ष्मी, मृत्यू आल्यास सुरांगना. देह तर क्षणभंगुर, मग रणातील मरणाची चिंता कशाला, असा त्याचा भावार्थ आहे.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला प्रथम हाच लौकिक युक्तिवाद सांगितला आहे : मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. तथापि गीता येथे थांबत नाही. लगेच पुढे सुखदुःख, लाभालाभ आणि जयापजय समान मानून लढण्याचा उपदेश येतो आणि स्वर्गालाच सर्वस्व मानणाऱ्यांवर टीकाही येते. म्हणजे वीरगळावर जे फळ कोरलेले दिसते, त्या फळाची इच्छाच गीतेने गौण ठरविली आहे. ज्ञानेश्वरीत (१२९०) या स्थळी स्वधर्माचरण आणि फलनिरपेक्षता यांवर भर आहे. लोकांतील वीरधर्म आणि तत्त्वज्ञांचा वीरधर्म यांतील हे अंतर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भय आणि त्यावरील उपाय : मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात, पाठ न फिरविता लढणारे राजे स्वर्गास जातात असे सांगून झाल्यावर पळताना मारल्या गेलेल्या सैनिकाचा विचार येतो. त्याच्या माथी धन्याची सर्व पापे येतात आणि त्याने साठविलेले पुण्य धन्याला मिळते, असे तेथे म्हटले आहे. इतकी कठोर धमकी द्यावी लागली, यावरून पळण्याचा मोह किती सार्वत्रिक होता हे कळते. त्याच ठिकाणी शस्त्र मोडलेल्या, जखमी, भ्यालेल्या, हात जोडलेल्या किंवा शरण आलेल्या शत्रूवर प्रहार करू नये, असाही दंडक आहे. शौर्याला मर्यादा असल्याखेरीज ते धर्म्य ठरत नाही, ही त्यामागील दृष्टी होय.

कौटिलीय अर्थशास्त्राची दृष्टी अधिक व्यवहारी आहे. लढाईपूर्वी राजाने सैन्याला, मीही तुमच्यासारखाच वेतन घेणारा आहे, असे सांगावे. मंत्री व पुरोहित यांनी धीर द्यावा. सूत आणि मागध यांनी शूरांना स्वर्ग मिळतो व भित्र्यांना तो मिळत नाही, हे वर्णन करावे, अशा सूचना त्यात आहेत. त्यानंतर बक्षिसांची यादी येते : शत्रूच्या राजाचा वध करणाऱ्यास एक लक्ष पण, सेनापती अथवा राजपुत्राच्या वधाबद्दल ५०,००० पण, अशी उतरत उतरत ती सामान्य सैनिकाच्या शिरामागे २० पणांपर्यंत येते. स्वर्गाचे वर्णन आणि द्रव्याचा दर एकाच प्रकरणात देणाऱ्या या ग्रंथाने केवळ परलोकाच्या आशेवर सैन्य लढत नाही, हे मान्य केले आहे.

वीरगळ : या शब्दातील उत्तरपद कन्नड ‘कल्लु’ (दगड) यापासून आले आहे. वीराचा दगड तो वीरगळ. तमिळ प्रदेशात अशा शिळेला नडुकल म्हणतात आणि तोलकाप्पियम् या प्राचीन तमिळ ग्रंथात दगड पाहण्यापासून तो उभारून स्तुती करण्यापर्यंत या विधीचे टप्पे दिले आहेत. सौराष्ट्र व कच्छमध्ये पाळिया या नावाची स्मारके याच प्रकारची आहेत.

महाराष्ट्रातील वीरगळ सामान्यतः आयताकार उभ्या शिळेचा असून त्यावर तीन किंवा चार चौकटी असतात. त्या खालून वर वाचावयाच्या असतात. सर्वांत खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि पुष्कळदा त्याच्याजवळ गाईंची रांग दिसते. त्यावरील चौकटीत ढाल-तलवार, भाला किंवा धनुष्य घेऊन चाललेले युद्ध असते. त्याच्या वर अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत असतात. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला असतो व जवळ पुरोहित पूजा करीत असतो. माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेतोवर ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. क्रम नेहमी हाच असतो असे नाही आणि स्थानपरत्वे बारकावे बदलतात. मुंबईत बोरिवलीजवळील एक्सर येथील वीरगळांवर तर नाविक युद्धाची दृश्ये आहेत. त्यांचा संबंध काही अभ्यासकांनी कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर व यादव राजा महादेव यांच्यातील सु. १२६५ च्या संघर्षाशी जोडला आहे. त्यांचा काळ मात्र विवाद्य आहे.

या शिल्पात मृत्यू लपविलेला नाही. वीर खाली पडलेला दाखवूनच कथेला प्रारंभ होतो. परंतु त्याच्या वेदनेला, जखमेला किंवा अखेरच्या क्षणाला येथे स्थान नाही. पडणे आणि वर उचलले जाणे यांमधील अंतर शिल्पकाराने एका आडव्या पट्टीइतके ठेवले आहे.

निलंगा आणि मराठवाडा : लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुका कर्नाटकाच्या बीदर जिल्ह्याला लागून आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथून जवळच आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ज्या लत्तलूर नगराचे अधिपती म्हणवीत, ते नगर म्हणजे लातूर होय, असे मानले जाते. कन्नड आणि मराठी भाषा, तसेच चालुक्य आणि यादव सत्ता यांच्या संधिप्रदेशात हा भाग येतो आणि वीरगळाची प्रथाही याच पट्ट्यातून दोन्हीकडे पसरलेली दिसते. निलंगा येथील नीलकंठेश्वर मंदिर उत्तर चालुक्यकालीन कलेचा उत्तम नमुना असून त्याच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींच्या शिल्पांसाठी ते ख्यातनाम आहे. वीरगळाचा अर्थ लावताना अशा मंदिराचे भान उपयोगी पडते. वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा आणि ज्याच्यापुढे तो अखेर बसतो ते शिवलिंग, ही दोन्ही गावकऱ्यांना रोजच्या परिचयाची होती. मंदिराच्या भिंतीवर कुशल शिल्पकाराने कोरलेला देवलोक गावच्या पाथरवटाने आपल्या कुवतीप्रमाणे वीरगळावर उतरविला. नांदेड जिल्ह्यातील होट्टल, बीड जिल्ह्यातील धर्मापुरी आदी ठिकाणची मंदिरेही याच कालखंडातील आहेत.

कर्नाटकातील वीरगळांवर अनेकदा लेख असतो. त्यात वीराचे नाव, राजाचे नाव, तिथी आणि मृत्यूचे कारण मिळते. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र लेखविरहित आहेत. त्यामुळे कृत्य टिकले व नाव गेले, अशी त्यांची स्थिती आहे. याउलट उदाहरण मराठवाड्यातच मिळते. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचा पुत्र राम गुजरातवरील मोहिमेत नर्मदेच्या परिसरात लढताना मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ अंबाजोगाई येथे रामनारायणाचे मंदिर बांधले व शके ११६२ (इ. स. १२४०) च्या शिलालेखात ही हकीकत नोंदविली. सेनापतीच्या मुलाला मंदिर, लेख आणि नाव मिळाले. गावाच्या शिवेवर पडलेल्याला अनामिक शिळा मिळाली. वीरमरण सर्वांना समान सद्गती देते असे तत्त्व सांगत असले, तरी स्मृतीचे वाटप सामाजिक पायरीनुसारच झाले.

गोग्रहण आणि ग्रामरक्षण : वीरगळांवरील गाईंची रांग अलंकारासाठी नाही. शत्रूची किंवा शेजारच्या गावाची गुरे पळवून नेणे (गोग्रहण) हा प्राचीन व मध्ययुगीन संघर्षाचा नेहमीचा प्रकार होता. गुरे हे कोरडवाहू प्रदेशातील मुख्य धन असल्यामुळे ती सोडविताना आलेल्या मृत्यूला गावाच्या दृष्टीने साम्राज्याच्या लढाईपेक्षाही अधिक मोल होते. दरोडेखोरांशी झुंज, गावाच्या सीमेवरील तंटा, स्त्रियांच्या रक्षणासाठी केलेला प्रतिकार आणि हिंस्र पशूशी झटापट ही कारणेही कर्नाटकातील लेखांतून दिसतात. वीर म्हणून गौरविलेला माणूस पुष्कळदा पेशाने योद्धा नसून गुराखी, शेतकरी किंवा गावचा राखणदार असे. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथील सु. ९४९-५० मधील शिळा तर काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची आहे. रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले. त्या शिळेच्या पूजेसाठी जमीन दिल्याचे लेखात नमूद आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण व त्याचा गंग मांडलिक बूतुग यांनी तक्कोलम येथे चोळ राजपुत्र राजादित्य यास मारल्याची नोंदही याच शिळेवर आहे.

स्वामिनिष्ठा : वीरमरणाचे दुसरे मोठे अधिष्ठान धन्याच्या अन्नाचे ऋण हे होय. कर्नाटकातील होयसळांच्या पदरी ‘गरुड’ म्हणविले जाणारे शपथबद्ध रक्षक असत. राजाच्या मृत्यूनंतर आपण जगणार नाही, अशी त्यांची प्रतिज्ञा असे. वीर बल्लाळ दुसरा याच्या निधनानंतर (१२२०) कुवर लक्ष्म याने पत्नी व अनुयायी यांसह प्राणत्याग केल्याचा लेख हळेबीड येथे आहे. राजांकडूनही रणातील मृत्यूची अपेक्षा असे. १०५४ मध्ये कोप्पमच्या लढाईत चालुक्य राजा पहिला सोमेश्वर याच्या सैन्याशी लढताना चोळ राजा राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. पुढील तमिळ लेखांत ‘हत्तीवर निद्रिस्त झालेला’ अशा अर्थाचे गौरवपर विशेषण त्याला लावलेले आढळते. पराभवातील मृत्यूही बिरुद होऊ शकतो, हे यावरून दिसते.

कुटुंबाची तरतूद : पडलेल्या वीराच्या वारसांना दिलेल्या जमिनीस कन्नड लेखांत ‘नेत्तरुगोडगे’ म्हणजे रक्ताचे दान असे म्हणतात. मराठेशाहीत ही जबाबदारी राज्याने नियमाने स्वीकारली. सभासद बखरीनुसार (सु. १६९७) अफजलखानाच्या पारिपत्यानंतर शिवाजी महाराजांनी कामी आलेल्यांच्या मुलांना सेवेत चालविले, ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून दिले आणि जखमींना जखमेच्या मानाने होन दिले. पेशवेकालीन कागदपत्रांत अशा वारसांच्या वेतनाला बालपरवेशी हा शब्द येतो. स्वर्गाच्या आश्वासनापेक्षा या नोंदी कमी काव्यमय आहेत. पण रणात उतरणाऱ्या माणसाच्या मनावरील ओझे हलके करण्यात त्यांचा वाटा मोठा असला पाहिजे.

या आदर्शाची किंमत स्त्रियांनी अधिक मोजली. वीरगळांच्या शेजारी अनेकदा सतीशिळा असते. काटकोनात उभारलेला, बांगड्या भरलेला हात ही तिची खूण होय. वीराच्या निवडीला काही अंशी तरी स्वेच्छा म्हणता येईल. तिच्या बाबतीत रूढीचा आणि आप्तांचा दाब किती होता, हे शिळा सांगत नाही. जी मागे जगली व जिने मुले वाढविली, तिच्यासाठी तर कोणतीच शिळा उभारली गेली नाही.

मराठा काळ : या काळात वीरमरणाची स्मृती मुख्यतः बखर व पोवाडा यांतून जतन झाली. तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा तानाजी मालुसरे याच्या मृत्यूवर (१६७०) आधारलेला आहे. पुरंदरच्या वेढ्यात (१६६५) दिलेरखानाने अभय देऊ केले असता ते नाकारून मुरारबाजी देशपांडे लढत पडला, असे सभासद सांगतो. पावनखिंडीतील बाजी प्रभू (१६६०) आणि बुराडी घाटावरील दत्ताजी शिंदे (१७६०) यांच्या कथा आजही सर्वतोमुखी आहेत. मात्र मराठ्यांची युद्धनीती केवळ मरणाच्या गौरवावर उभी नव्हती. गनिमी काव्यात वेळीच मागे सरणे हे कौशल्य मानले जाई आणि माणूस वाचविणे हा सेनानायकाचा गुण समजला जाई. बाजी प्रभूचा मृत्यू सार्थ ठरला, कारण त्याने मिळविलेल्या वेळात महाराज विशाळगडी पोहोचले. याउलट प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ मोजक्या साथीदारांनिशी बहलोलखानावर तुटून पडला, तेव्हा स्वराज्याने सरनौबत गमावला व लष्करी लाभ झाला नाही. बहलोलखानाला पूर्वी सोडून दिल्याबद्दल महाराजांनी दिलेला ठपका त्याच्या मनाला लागला होता. दोन्ही मृत्यू लोकस्मृतीत सारखेच वंद्य ठरले. राजनीतीच्या दृष्टीने त्यांचे मोल वेगळे होते.

लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे १७६० च्या प्रारंभी सदाशिवराव भाऊंनी निजामाचा पराभव केला. त्या विजयात इब्राहीमखान गारदी याच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. पूर्वी निजामाच्या चाकरीत असलेला हा सरदार पुढील वर्षी पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) अखेरपर्यंत मराठ्यांच्या बाजूने लढला, जखमी होऊन पकडला गेला व मारला गेला. खाल्ल्या मिठाला जागणे हे मूल्य धर्माच्या सीमा ओलांडून दख्खनच्या सर्व योद्ध्यांत मान्य होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

अन्य परंपरा : इस्लाममध्ये धर्मकार्यात मारल्या गेलेल्यास शहीद (साक्षीदार) म्हणतात. रणात पडलेल्या शहिदाला स्नान न घालता अंगावरील वस्त्रांतच दफन करण्याची प्रथा आहे. त्याचे रक्त हीच त्याची शुद्धी मानली जाते. दख्खनमध्ये शहिदांच्या कबरी सर्वधर्मीयांकडून पूजिल्या जातात. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निधन झाले. संत आणि शिपाई या दोन्ही वृत्ती एकाच व्यक्तीत असाव्यात, हा त्यांचा आदर्श होता आणि अन्य सर्व उपाय संपल्यावरच शस्त्र उचलणे न्याय्य, अशी त्याला मर्यादा होती. नांदेडच्या तख्तात शस्त्रांना आजही पूज्य स्थान आहे.

स्कँडिनेव्हियन पुराणकथांतील वाल्किरी या देवकन्या निवडक मृत वीरांना ओडिन देवाच्या वाल्हाला प्रासादात नेतात. अप्सरांशी त्यांचे साम्य उघड आहे. ग्रीक महाकाव्य इलिअडमधील अकिलीझ दीर्घायुष्यापेक्षा अक्षय कीर्ती निवडतो. ओडिसीमध्ये मात्र त्याचाच मृतात्मा, मृतांचा राजा होण्यापेक्षा भूमिहीनाच्या घरी मजूर म्हणून जगणे बरे, असे म्हणतो. वीरमरणाचा गौरव करणाऱ्या परंपरेनेच ही शंका जतन केली, हे महत्त्वाचे आहे. भारतात अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धातील मृतांची संख्या विजेत्याच्या पश्चात्तापासह कोरलेली आहे. मराठी संतांनीही वीरतेचा अर्थ बदलला. तुकारामांच्या ‘पाइकाच्या अभंगां’त पाइकाची निष्ठा आणि प्राणांविषयीची बेफिकिरी ही भक्ताचे लक्षण म्हणून येते.

आधुनिक काळ : विसाव्या शतकात मराठीत ‘हुतात्मा’ हा शब्द रूढ झाला. आहुतीचे जुने रूपक त्यात कायम आहे, मात्र ती धन्यासाठी न देता देशासाठी वा तत्त्वासाठी दिलेली असते आणि ती देणारा सशस्त्र असलाच पाहिजे असे नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात नांदेड जिल्ह्यातील अर्जापूर येथे १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मराठवाड्यात त्यांचे स्मरण हुतात्मा म्हणून केले जाते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत १९४४ मध्ये पडलेले नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. स्वातंत्र्योत्तर काळातील परमवीरचक्र हा सन्मान मात्र मृत्यूवर अवलंबून नाही. १९४८ मधील कामगिरीबद्दल तो मिळविणारे रामा राघोबा राणे त्यानंतर दीर्घकाळ जगले. शौर्याची कसोटी कृत्य आहे, मृत्यू नाही, ही आधुनिक लष्करी दृष्टी त्यातून व्यक्त होते.

लोकधर्मात जुना वीर अजून जागा आहे. अनेक कुटुंबांच्या देव्हाऱ्यात वीराचा टाक असतो आणि नाशिक येथे धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. खुद्द वीरगळांची स्थिती मात्र चिंताजनक आहे. काही शेंदूर लागून ग्रामदैवत झाले आहेत, तर काही मंदिराच्या जीर्णोद्धारात पायरी किंवा पायाचा दगड म्हणून वापरले गेले आहेत. लेख नसल्यामुळे असा दगड ज्या जागी उभा असतो, ती शीव, ती वेस किंवा ते मंदिर हाच त्याचा एकमेव संदर्भ असतो. जागा हलली की तोही नाहीसा होतो. म्हणून स्थानासह त्यांची छायाचित्रे व मोजमापे नोंदविणे हे संशोधनाचे तातडीचे काम आहे. चंद्रसूर्य असेतोवर स्मृती राहील, असे वचन ज्या समाजाने दिले, त्याच्या वारसांकडे ते वचन पाळण्याचे एवढेच साधन उरले आहे.